गव्याला कुठली गोळी लागते? बारा बोअर, ३१५ आणि कायदा

भात पोटरीला आलं की खानापूर तालुक्यात गव्यांची चर्चा सुरू होते. निपाणी, चिकोडीकडं ऊस माणसाच्या उंचीवर गेला की रानडुकरांची. आणि दोन्हीकडं पारावरचा प्रश्न एकच असतो: बारा बोअरनं भागतं का, की ३१५ घ्यावी? कुणीतरी सांगतं, ठासणीच्या बंदुकीत जरा जास्त दारू भरली की गवासुद्धा जाग्यावर बसतो. हे सांगणाऱ्यानं जखमी गवा पाहिलेला नसतो, एवढं नक्की. म्हणून हा विषय एकदा नीट समजून घेऊया.

आधी आकड्यांचा अर्थ. बारा बोअरमधला बारा म्हणजे मिलिमीटर नव्हे आणि इंचही नव्हे. एक पौंड शिशाचे सारखे बारा गोळे केले तर त्यातला एक गोळा ज्या नळीत बरोबर बसेल, ती बारा बोअर. म्हणजे साधारण १८.५ मिलिमीटरची नळी. सोळा बोअर म्हणजे पौंडाचे सोळा गोळे, म्हणून नळी त्याहून बारीक. आकडा वाढला की नळी लहान, हे उलटं गणित बऱ्याच जणांना चकवतं. ही नळी आतून गुळगुळीत असते. छर्रे पसरत जातात आणि एकच मोठी गोळी घातली तरी पन्नास मीटरच्या पुढं नेमाचा भरवसा राहत नाही.

३१५ चा आकडा मात्र सरळ इंचातला आहे. ०.३१५ इंच म्हणजे ८ मिलिमीटर. ही रायफल, म्हणजे नळीला आतून पीळ असतो, गोळी गिरकी घेत जाते आणि लांबवर सरळ राहते. ही ३१५ भारतात एवढी रुजली त्याचं कारण शिकार कमी आणि इंग्रजांची भीती जास्त. सैन्याची रायफल ३०३ ची होती. ती काडतुसं बंडखोरांच्या हाती लागू नयेत म्हणून सामान्य माणसाला त्या मापाची बंदूक ठेवायला मनाई झाली. मग वेगळ्या मापाची रायफल पुढं आली आणि स्वातंत्र्यानंतर सरकारी कारखान्यांनीही तीच चालू ठेवली. ३०३ आजही सामान्य परवानाधारकाला मिळत नाही. साहेब गेला, पण त्यानं आखून दिलेलं माप राहिलं.

आता जनावराकडं वळूया. रानडुक्कर शंभर किलोच्या आसपास भरतं. पूर्ण वाढलेला नर गवा सातशे किलोपासून हजार किलोपर्यंत. कातडी जाड, पाठीवर मोठा उंचवटा, आणि काळीज मात्र छातीत बरंच खाली. पाहणारा त्या उंचवट्याखालच्या मधल्या भागावर नेम धरतो, गोळी काळजाच्या वरून जाते आणि जनावर पडत नाही. जुने शिकारी याच कारणासाठी मोठ्या जनावराला जड गोळी मागायचे. ३१५ ची गोळी २४४ ग्रेनची, म्हणजे सोळा ग्रॅमच्या जरा आत. १९१२ साली आलेल्या ३७५ मॅग्नमची नेहमीची गोळी ३०० ग्रेनची, आणि तिचा वेगही जास्त. आफ्रिकेत अनेक देशांत रानम्हैस किंवा हत्तीसाठी याच्याहून लहान माप चालत नाही. इंग्रज साहेब आणि संस्थानिक वापरायचे ती ४७० ची दुनळी ५०० ग्रेनची, म्हणजे बत्तीस ग्रॅमची गोळी टाकायची. गोळीचं वजन, तिचा वेग आणि ती आत किती खोल जाते, या तीन गोष्टी जनावराच्या अंगाशी जुळल्या पाहिजेत. नळीचं माप हा त्यातला एकच भाग.

या हिशेबात बारा बोअरचे छर्रे गव्याच्या कातडीत अडकतात, ठासणीचा बार जखम करून थांबतो आणि ३१५ सुद्धा अपुरी पडते. अपुऱ्या गोळीचा गवा पळतो, दाट झुडपात उभा राहतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शेताकडं निघालेल्या बाईमाणसाच्या वाट्याला येतो. ज्यानं बार काढला तो तेव्हा घरात असतो.

मग ३७५ आणून प्रश्न सुटेल का? नाही, कारण इथून पुढं बंदुकीचा विषय संपतो आणि कायद्याचा सुरू होतो.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. गवा त्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. या अनुसूचीतल्या प्राण्याला मारण्याची परवानगी फक्त राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात, तीही तो माणसाच्या जिवाला धोका झाला असेल किंवा बरा न होण्याइतका जखमी, आजारी असेल तरच. आणि त्यातही आधी पकडणं, बेशुद्ध करणं, दुसरीकडं हलवणं शक्य नाही हे लेखी नोंदवावं लागतं. भात तुडवलं, ऊस मोडला हे कारण गव्याच्या बाबतीत कायद्यात बसतच नाही. साहेबांना कितीही दया आली तरी. परवानगीशिवाय मारला तर तीन ते सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार दंड.

रानडुक्कर वेगळं. २०२२ च्या दुरुस्तीनंतर ते दुसऱ्या अनुसूचीत आहे आणि तिथं उभ्या पिकाचं नुकसान हे परवानगीचं कारण धरलं जातं. पण परवानगी लेखी हवी, कारणासह हवी. सरपंचानं किंवा गार्डानं तोंडी ‘मारा’ म्हटलं, त्याला काही अर्थ नाही. केंद्र सरकार ठरावीक भागात, ठरावीक मुदतीसाठी एखादा प्राणी उपद्रवी जाहीर करू शकतं. २०१५-१६ मध्ये बिहार आणि उत्तराखंडात रानडुकरांसाठी तसं झालं होतं.

स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना नाइलाजानं जनावर मेलं तर तो गुन्हा नाही, असं कलम ११ सांगतं. मात्र तुम्ही त्या वेळी दुसरा गुन्हा करत नसला पाहिजे. बंदूक घेऊन शिकारीलाच गेलेल्या माणसाला ही ढाल नाही.

बंदुकीचा परवाना १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली मिळतो, आणि गंमत म्हणजे पिकाच्या राखणीला कुठली बंदूक, हे त्या कायद्यानंच ठरवून टाकलंय. कलम १३ मध्ये पीक संरक्षणासाठी ठासणीची बंदूक, आणि ती पुरत नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तर गुळगुळीत नळीची दुसरी. रायफल त्या तरतुदीत नाही. माझ्या मते यात शहाणपण आहे. रायफलची गोळी किलोमीटरच्या पुढं जाते, आणि आपल्याकडं रात्री एका शिवारात राखण असते, पलीकडच्या शिवारात पाणी पाजायला माणूस उभा असतो. उसात हललेलं ते डुक्कर की भाऊबंद, हे विजेरीच्या उजेडात कळत नाही.

खानापूरकरांसाठी आणखी एक गाठ आहे. भीमगड अभयारण्य डिसेंबर २०११ मध्ये जाहीर झालं. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाला वनखात्याकडं आपली नोंद करावी लागते, आणि त्या पट्ट्यात नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या संमतीशिवाय मिळत नाही. कणकुंबी, जांबोटी भागात अर्ज करून थकलेल्यांनी हे कलम ३४ एकदा वाचावं. निपाणीकरांची गाठ निराळी. परवान्यावर तो कुठल्या हद्दीत चालतो ते लिहिलेलं असतं. शेत कागलच्या बाजूला आणि परवाना बेळगाव जिल्ह्यापुरता असेल, तर बंदूक घेऊन हद्द ओलांडणं हाच गुन्हा.

आपल्या भागाला शिकारीचं वेड नव्हतं असं नाही. दाजीपूरचं जंगल कोल्हापूरच्या छत्रपतींचं शिकारीचं रान होतं, तेच १९५८ मध्ये गव्यांसाठी राखीव झालं. आज गव्यावर चालवायची बंदूक एकच, भुलीच्या इंजेक्शनची, आणि तीही वनखात्याच्या पशुवैद्यकाच्या हातात. तिथंही हमी नाही. डिसेंबर २०२० मध्ये पुण्याच्या कोथरूडमध्ये शिरलेला गवा गर्दीनं पळवून पळवून दमवला आणि पकडल्यावर मेला. म्हणून गवा गावात दिसला तर मोबाईल काढून मागं धावू नका, त्याला निघायला वाट ठेवा आणि १९२६ ला फोन लावा. हा वनखात्याचा नंबर कर्नाटकात आणि महाराष्ट्रात एकच आहे.

पीक गेलं असेल तर जनावरापेक्षा कागदामागं लागलेलं बरं. नुकसान दिसेल असे फोटो, पायांचे ठसे, उतारा आणि वेळेत अर्ज. पंचनामा होईपर्यंत शेत साफ करू नका. कुंपणाला घरची लाईन जोडणारे दरवर्षी सापडतात, त्यात डुकरापेक्षा माणसं आणि गुरं जास्त जातात. सौरकुंपणाचा झटका थांबून थांबून बसतो आणि जीव घेत नाही, घरच्या लाईनीचं तसं नाही.

आणि ज्यांचं लक्ष मटणावर आहे त्यांच्यासाठी: परवानगीनं मारलेलं असो की जीव वाचवताना मेलेलं, ते जनावर सरकारची मालमत्ता ठरतं. त्याचं मटण वाटून घेतलं की परवानगीचा कागदही कामाला येत नाही.