धनाग्राचा प्रश्न

पुन्हा पुन्हा भारित होणाऱ्या लिथियम विद्युत्‌घटाची चर्चा आपल्याकडे बहुधा लिथियमपाशी सुरू होते आणि तेथेच संपते. वस्तुतः घटाची किंमत, क्षमता आणि सुरक्षितता पुष्कळ अंशी ठरते ती त्याच्या धनाग्रावर. घट भारित होताना लिथियमचे आयन धनाग्रातून बाहेर पडतात. वापराच्या वेळी ते परत येतात. हजारो वेळा होणाऱ्या या येरझारीत ज्याची घडण ढासळत नाही असा पदार्थ मिळविणे, हेच खरे कोडे आहे.

१९८० साली ऑक्सफर्ड येथे जॉन गुडइनफ यांच्या गटाने कोबाल्ट ऑक्साइडचे धनाग्र पुढे आणले आणि चार व्होल्टचा घट शक्य झाला. १९९१ मध्ये सोनीने असा घट बाजारात आणला. परंतु या पदार्थातील सुमारे निम्म्याहून अधिक लिथियम काढून घेतल्यास त्याची रचना अस्थिर होते, आणि फार तापल्यास तो प्राणवायू सोडून आगीला निमंत्रण देतो. शिवाय जगातील बहुतांश कोबाल्ट एकट्या काँगोच्या खाणींतून येते.

१९९७ साली टेक्सास विद्यापीठात पाधी, नंजुंडस्वामी आणि गुडइनफ यांनी लोह फॉस्फेटचा पर्याय मांडला. यात प्राणवायू फॉस्फरसशी घट्ट बांधलेला असतो, म्हणून धोका कमी. दोष एवढाच, की हा पदार्थ विजेचा अत्यंत मंद वाहक. कण सूक्ष्म करून त्यांवर कार्बनचा पातळ लेप चढविताच हा दोष बव्हंशी दूर झाला.

त्याचा दाब ३.४ व्होल्टच असल्याने घट जड होतो, हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच लोहाच्या जोडीला मँगनीज घालण्याचे प्रयत्न चालू आहेत. मँगनीजमुळे दाब सुमारे ४.१ व्होल्टपर्यंत जातो.

लोहखनिज आपल्याकडे विपुल आहे. मँगनीज तर नागपूर-भंडाऱ्याच्या भूमीत आहे. मात्र खनिज असणे म्हणजे धनाग्र असणे नव्हे. खनिजाचे अतिशुद्ध रसायन, रसायनाचे एकसारखे कण आणि कणांवरील लेप, या प्रत्येक पायरीवर मोल वाढते. लोह फॉस्फेटच्या उत्पादनात चीनने हीच विद्या हस्तगत केली. आपण मात्र बहुतांश घट आयात करीत आहोत. खाणीइतकेच लक्ष प्रयोगशाळेकडे आणि तिच्यापुढील कारखान्याकडे दिले नाही, तर खनिज आपले आणि घट परक्यांचा, हीच स्थिती कायम राहील.