वरईचे बियाणे परसात जपा



अकोले, इगतपुरी, जव्हारकडच्या डोंगरउतारावर वरकस जमिनीत वरई पिकवायची जुनी रीत आहे. पण आता बऱ्याच घरी उपवासाची भगर दुकानातून येते. ती भगर टरफल काढलेली असते, पेरण्याच्या कामाची नाही. मडक्यातले घरचे बी एकदा संपले की तेच वाण पुन्हा कुठून आणणार? तेव्हा शेतात जमत नसेल, तर परसात गुंठाभर तरी वरई दरसाल लावा.

गुंठ्यात बियाणे शुद्ध राहील का, असे तुम्ही विचाराल. राहते. वरईचे परागीभवन बहुतेक त्याच फुलात होते, त्यामुळे मक्यासारखी शेजारच्या वाणाची भेसळ सहसा होत नाही. हळवी आणि गरवी मात्र एकाच वाफ्यात लावू नका.

जुने बी आधी तपासा. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा व आठवड्याने मोड मोजा. सत्तरच्या खाली आले तर बी थोडे जास्त टाका.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला की गादीवाफ्यावर ४० ते ५० ग्रॅम बी बारीक वाळूत मिसळून ओळीत टाका, अर्ध्या पेराहून खोल नको. वाफ्याला काट्या लावा, कोंबड्या लगेच उकरतात! रोपे तीन आठवड्यांची झाली की दोन ओळींत वीतभर अंतर ठेवून लावा. ओळीत लावण्याचे कारण असे की पाखड लहानपणी वरईसारखेच दिसते. ओळीबाहेरचे उपटले म्हणजे काम सोपे. कुजलेले शेणखत ५० किलो पुरे. युरियाचा हात सैल सोडलात तर पीक आडवे पडेल.

दाणा भरताना चिमण्या येतात. बियाण्यासाठी निवडलेल्या लोंब्यांवर जुने पातळ लुगडे टाका. लोंबीचा तीन-चतुर्थांश भाग पिवळा झाला की सकाळी दव असताना कापा. उशीर केलात तर दाणा मातीत झडतो.

दुसऱ्या वाणाची ताटे आधीच काढलेली असावीत. मळून, उफणून, उन्हात चांगले वाळवून बी टरफलासकटच मडक्यात भरा, वर राखेचा थर द्या आणि तोंड बांधा. वाणाचे नाव व साल चिठ्ठीवर लिहा. शेरभर बी शेजारच्या घरीही ठेवायला द्या. तुमच्या मडक्याला उंदीर लागला तर तिथून परत आणता येईल.