न भरलेल्या टेंडरचा अनुशेष राहत नाही

दरवर्षी जानेवारी महिना आला की मराठी वर्तमानपत्रांत स्वित्झर्लंडमधील दावोस या गावाची छायाचित्रे झळकू लागतात. आपले मुख्यमंत्री, देशोदेशीचे उद्योगपती आणि दोघांच्या मध्ये सामंजस्य कराराची फाईल. जानेवारी २०२५ मध्ये तर महाराष्ट्राने तेथे पंधरा लाख कोटी रुपयांहून अधिक रकमेचे करार केल्याचे जाहीर झाले. हे व्यासपीठ १९७१ साली क्लाऊस श्वाब या जर्मन प्राध्यापकाने उभे केले. आधी त्याचे नाव युरोपियन मॅनेजमेंट फोरम होते, १९८७ साली ते वर्ल्ड इकॉनॉमिक फोरम झाले. श्वाब एप्रिल २०२५ मध्ये त्याच्या अध्यक्षपदावरून दूर झाले. या माणसाचा लौकिक एखाद्या कारखान्यामुळे वा बँकेमुळे झाला नाही. ज्यांच्या हाती पैसा आहे आणि ज्यांच्या हाती सत्ता आहे, त्यांना त्याने वर्षानुवर्षे एका टेबलाभोवती बसवले आणि तेवढ्याच बळावर जगातील राज्यकर्ते त्याच्या दारी येऊ लागले.

आमच्या समाजाने यातून काय घ्यायचे? धंद्याला भांडवल लागते हे सर्वांना ठाऊक आहे. पण धंद्याला ओळख लागते, बातमी वेळेवर कळावी लागते आणि सरकारदरबारी आपले म्हणणे मांडणारी संघटना लागते, हे आमच्याकडे फारसे कोणी बोलत नाही. प्रस्थापितांनी ते फार पूर्वी ओळखले होते. १९२७ साली वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्स स्थापन झाले. त्याच वर्षी देशपातळीवर 'फिक्की' उभी राहिली. आणि त्याच १९२७ साली आमचे बापजादे महाडच्या चवदार तळ्यावर पाणी पिण्याच्या हक्कासाठी मार खात होते. एका वर्षातील या घटना शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे शर्यत कोणी कोठून सुरू केली हे कळते.

खुद्द बाबासाहेबांचा अनुभव काय सांगतो? कोलंबिया आणि लंडनमध्ये अर्थशास्त्र शिकून ते १९१७ साली परतले. बडोद्यातील अपमानानंतर मुंबईत त्यांनी शेअर बाजारातील लोकांना सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले आणि व्यवसाय बंद करावा लागला. अर्थशास्त्रात या देशात त्यांच्या तोडीचे किती लोक होते? ज्ञान कमी पडले नव्हते. बाजारानेच दार लावून घेतले होते. बाजाराला जात नसते असे सांगणाऱ्यांना हा इतिहास वाचून दाखवला पाहिजे.

चोबळी ते पुणे

या बंद दाराशी संघटना म्हणून उभे राहण्याचे काम मिलिंद कांबळे यांनी केले. लातूर जिल्ह्यातील चोबळी गावचा हा मुलगा, वडील शाळामास्तर. स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका घेऊन तो पुण्यात आला, बांधकाम कंपन्यांत नोकरी केली आणि पुढे स्वतःची कंत्राटे घेऊ लागला. पुण्यात धंदा स्थिरावल्यावर बहुतेक माणसे बंगला बांधतात आणि गावाकडे जाणे कमी करतात. कांबळे यांनी १४ एप्रिल २००५ रोजी, बाबासाहेबांच्या जयंतीदिनी, पुण्यात दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री, म्हणजे 'डिक्की', स्थापन केली. नोकरी मागणारे होण्याऐवजी नोकरी देणारे व्हा, हा तिचा नारा.

या विचाराची पार्श्वभूमीही लक्षात घ्यावी. जानेवारी २००२ मध्ये भोपाळ येथे दलित विचारवंतांची परिषद भरली. सरकारी खरेदीत दलित पुरवठादारांना वाटा मिळाला पाहिजे, ही मागणी तेथील जाहीरनाम्यात पुढे आली. चंद्रभान प्रसाद हे त्या परिषदेमागील एक प्रमुख विचारवंत. पुढे तेच डिक्कीचे मार्गदर्शक झाले. २०१० साली पुण्यात आणि २०११ साली मुंबईत डिक्कीने दलित उद्योजकांची प्रदर्शने भरवली. २०१३ साली कांबळे यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी अकोला जिल्ह्यात जन्मलेल्या, कमानी ट्यूब्ज ही बुडीत कंपनी सावरणाऱ्या कल्पना सरोज यांनाही तो सन्मान मिळाला. पुढे जम्मूच्या आयआयएमच्या नियामक मंडळाचे अध्यक्षपदही कांबळे यांच्याकडे आले.

आमच्या दृष्टीने मात्र त्यांची खरी कमाई पद्मश्री नाही. ती कमाई म्हणजे २०१२ सालचा एक सरकारी आदेश. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायदा, २००६ च्या कलम ११ खाली केंद्राने सार्वजनिक खरेदी धोरण काढले आणि ते १ एप्रिल २०१२ पासून लागू झाले. केंद्रीय मंत्रालये, खाती आणि केंद्राच्या कंपन्या यांनी आपल्या वार्षिक खरेदीपैकी चार टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावी, असे त्यात लिहिले गेले. डिक्कीने त्यासाठी दिल्लीत सतत पाठपुरावा केला होता. नोकरीतील आरक्षणानंतर बाजारातील वाट्याचा उल्लेख देशाच्या राजपत्रात प्रथमच अशा आकड्याने आला.

टीका ऐकली पाहिजे

चळवळीत या प्रयोगावर टीका झाली आणि ती दुर्लक्ष करण्याजोगी नाही. आनंद तेलतुंबडे, गोपाळ गुरू यांच्यासारख्या अभ्यासकांनी विचारले की मूठभर दलित कोट्यधीश झाल्याने भूमिहीन मजुराच्या जीवनात काय बदलणार? १९३८ साली मनमाड येथे रेल्वे कामगारांसमोर बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू असल्याचे बजावले होते, याचे स्मरणही करून दिले जाते. सत्तेत कोणताही पक्ष असो, डिक्की सरकारच्या फार जवळ उभी राहते, असाही आक्षेप आहे.

हे आक्षेप आम्हांला मान्य आहेत आणि तरीही आमचा निष्कर्ष वेगळा आहे. सरकारी खरेदी हा जनतेचा पैसा आहे. त्यातील वाटा मागणे म्हणजे भांडवलदारांची आरती करणे नव्हे. रस्त्यावरच्या विहिरीत आमचा जितका हक्क, तितकाच रेल्वेच्या आणि खाणीच्या खरेदीतही आहे. प्रश्न एवढाच की तो हक्क चोबळीहून पुण्यास पोहोचलेल्या माणसापुरता राहणार, की गोंदिया तालुक्यातील नागरा गावापर्यंत येणार?

नागरा येथे काय पोहोचले?

नागरा हे गोंदिया शहराजवळचे, जुन्या शिवमंदिरामुळे ओळखले जाणारे गाव. या पट्ट्यात धानाच्या बांध्या, राईस मिल, विडी आणि तेंदूपत्ता. आमच्या माणसाने रोवणी केली, मिलमध्ये पोती उचलली, आमच्या मायबहिणींनी विड्या वळल्या. मिलचा मालक, बारदान्याचा पुरवठादार, ट्रकवाला हे बहुधा दुसरेच. १९५४ साली बाबासाहेब ज्या भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले, त्याच जुन्या भंडारा जिल्ह्यातला हा मुलूख.

आता नकाशा उघडून पाहा. गोंदिया जंक्शन दक्षिण पूर्व मध्य रेल्वेच्या नागपूर विभागात येते. भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला दारूगोळा कारखाना आहे. मँगनीजच्या खाणी चालवणारी 'मॉईल' आणि कोळसा काढणारी 'वेकोलि' यांची मुख्यालये नागपुरात आहेत. मौद्याला एनटीपीसीचे वीज केंद्र आहे. हे सारे केंद्र सरकारचे खरेदीदार आहेत. गाड्या भाड्याने घेणे, साफसफाई, खानपान, गणवेश, छपाई, फर्निचर अशी कितीतरी कामे त्यांना बाहेरून करून घ्यावी लागतात. चार टक्क्यांचे धोरण त्यांना बंधनकारक आहे. मात्र व्यापारी, वितरक आणि निव्वळ बांधकामाची कंत्राटे यांना हे धोरण लागू होत नाही. वस्तू बनवणारा किंवा सेवा देणारा उद्योगच त्यात येतो, हे आमच्या तरुणांनी आधी समजून घ्यावे. बांधकाम कंत्राटदार असलेल्या कांबळेंनी ज्या धोरणासाठी आयुष्याची वर्षे घातली, त्यात बांधकामच बसत नाही, हेही नोंदवून ठेवू.

एवढे असूनही काय घडले? सरकारच्याच 'संबंध' पोर्टलवरील आकडे पाहिले तर उद्दिष्ट चार टक्के असताना अनेक वर्षे प्रत्यक्ष खरेदी एक टक्क्याच्याही खाली राहिली. याचे एक कारण जातीय मानसिकता आहेच. दुसरे कारण त्याच आदेशाच्या मजकुरात दडले आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योगांनी टेंडरच भरले नाही किंवा ते अटी व दरात बसले नाहीत, तर त्यांचा चार टक्क्यांचा हिस्सा इतर लघु उद्योगांकडून पुरा करावा, असे त्यात म्हटले आहे. नोकरीतील राखीव जागा रिकामी राहिली तर तिचा अनुशेष मोजला जातो, त्यासाठी मोर्चा काढता येतो. खरेदीतील आमचा हिस्सा मात्र आम्ही न भरल्यास त्याच वर्षी दुसऱ्याच्या ताटात जातो आणि त्याची कोठे नोंदही राहत नाही.

करायचे काय?

म्हणून आमचे सांगणे दोन पातळ्यांवर आहे. पहिले सांगणे तरुणांना. उद्यम नोंदणी करा. एकट्याचा धंदा असेल तर तो तुमच्या नावावर असावा. भागीदारी वा कंपनी असेल तर किमान ५१ टक्के हिस्सा अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींचा असला पाहिजे. १९९० च्या घटनात्मक आदेशातील दुरुस्तीनंतर बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या सवलती मिळतात, तेव्हा केंद्राच्या नमुन्यातील जातप्रमाणपत्र आधीच काढून ठेवा. टेंडरचा अर्ज फुकट मिळतो, बयाणा रक्कम माफ असते. सर्वांत कमी दर मोठ्या उद्योगाचा असेल आणि तुमचा दर त्याच्या पंधरा टक्क्यांच्या आत असेल, तर त्याच दराला उतरून कामाचा काही भाग घेण्याची संधी तुम्हांला मिळते. बिल ४५ दिवसांत मिळाले नाही तर कायद्याने चक्रवाढ व्याज लागते आणि त्यासाठी सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. आणि कृपया आपले नाव व जातीचा दाखला दुसऱ्याला भाड्याने देऊ नका. चार पैशांसाठी दिलेली ती सही उद्या खऱ्या धडपडणाऱ्या पोराचा घास काढून घेते.

दुसरे सांगणे संघटनांना, डिक्कीलाही. पुण्या-मुंबईच्या हॉटेलांतील परिषदा झाल्या, आता तालुक्याच्या ठिकाणी या. टेंडर भरायला शिकवणारा एक माणूस गोंदियात बसवा. आणि दिल्लीत बसून त्या आदेशातील पळवाट बुजवा. न वापरलेला हिस्सा पुढच्या वर्षात जोडला गेला पाहिजे, अशी दुरुस्ती मागा. आमच्या वकील मंडळींनी प्रत्येक केंद्रीय कंपनीकडे माहितीच्या अधिकारात एकच प्रश्न विचारावा: गेल्या तीन वर्षांत आमच्या चार टक्क्यांपैकी किती खरेदी केली, आणि कोणाकडून?

दावोसच्या टेबलाभोवती आमच्यासाठी खुर्ची नाही, याचे दुःख आम्हांला नाही. पण गोंदिया स्टेशनच्या साफसफाईचे टेंडर निघते, तेव्हा झाडू आमच्या हातात आणि कंत्राट दुसऱ्याच्या नावावर, ही वाटणी आता बदललीच पाहिजे. कायद्याने दिलेली जागा रिकामी ठेवण्याची चैन आम्हांला परवडणारी नाही. जय भीम!