पदर, भोवरा आणि सागरगोटे : स्वमग्न मुलांशी खेळताना

(शब्बाथ सुटल्यानंतर आपल्या सिनेगॉगच्या सभागृहात महिला मंडळापुढे केलेले भाषण. ध्वनिमुद्रणावरून लिहून काढले आहे.)



मी परिचारिका. माझ्याकडून आपण आजवर मधुमेह, रक्तदाब आणि गुडघेदुखी यांवरच ऐकत आला आहात. आजचा विषय खेळाचा आहे असे कळल्यावर एकीने मला विचारले, ‘बाई, या वयात आता आम्हांला सागरगोटे शिकवणार काय?’ होय, शिकवणार आहे. कारण असे, की आपल्यातील दोन कुटुंबांनी मुलाला घेऊन सिनेगॉगमध्ये येणे सोडले आहे. मूल मध्येच ओरडते, कानांवर हात ठेवून येरझारा घालते, लोक माना वळवून पाहतात, म्हणून. त्या दोन्ही घरी मी जाऊन आले. दोन्ही घरी आजी आहेत आणि दोघींनी मला जवळजवळ एकाच शब्दांत विचारले : ‘गनमध्ये शिकलेली तज्ज्ञ मंडळी आहेत. आम्हांला धड हिब्रू येत नाही. आम्ही याच्याशी काय करावे?’ त्या प्रश्नाचे जे उत्तर मला सुचते, ते आज सांगते.

प्रथम हा प्रकार काय आहे ते थोडक्यात पाहू. बाल्टिमोर येथील डॉक्टर लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हापासून वैद्यकाने ऑटिझम या अवस्थेला वेगळे स्थान दिले. कॅनर स्वतः यहुदी कुटुंबात जन्मलेले. मराठीत आपण या अवस्थेला स्वमग्नता म्हणतो. हा शब्द मला फारसा पटत नाही. त्यावरून असे वाटते, की मूल स्वतःतच रमले आहे आणि त्याला इतरांची गरजच नाही. माझा अनुभव उलट आहे. मुलाला आपली गरज असते. आपल्यापर्यंत यावयाची जी वाट इतर मुलांना आपोआप सापडते, ती त्याला सापडत नाही. त्याबरोबरच एकच कृती पुन्हा पुन्हा करण्याची ओढ, ठरलेला क्रम मोडला तर होणारा त्रास, आवाज, उजेड किंवा स्पर्श असह्य होणे, अशी लक्षणे निरनिराळ्या प्रमाणात आढळतात. मेंदूची घडणच जन्माआधीपासून निराळी होत असते आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. लसीमुळे हे होते असे सुचविणारा जो लेख १९९८ साली लंडनच्या ‘लॅन्सेट’मध्ये आला होता, तो त्या नियतकालिकाने २०१० साली मागे घेतला. तरीही लसीची भीती आपल्या घरांतून अजून गेलेली नाही, म्हणून मुद्दाम सांगते.

आईच्या मायेत काही उणे असते म्हणून असे होते, हेही खोटे आहे. मी मुंबईत परिचर्येचे शिक्षण घेत होते, त्या १९७० नंतरच्या वर्षांत एका रुग्णालयात एका मातेला तिच्या तोंडावर असे सांगितलेले मी माझ्या कानांनी ऐकले. ती बाई खुर्चीच्या कडेवर बसून मुलाचे मोजे पुन्हा पुन्हा वर ओढीत होती. मी शेजारी ट्रे धरून उभी होते आणि काही बोलले नाही. विद्यार्थिनीने बोलावयाचे नसते. अशा मुलाचे वडील असलेल्या बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञांनी १९६४ सालीच त्या मताविरुद्ध सबंध पुस्तक लिहिले होते; ते आमच्या वॉर्डापर्यंत पोहोचले नव्हते.

ती चूक इतरांची म्हणता येईल. दुसरी मात्र माझी स्वतःची आहे. माझा नातू वीस महिन्यांचा असताना हाक मारली तरी वळून पाहत नसे आणि कधी बोटाने काही दाखवीत नसे. माझी मुलगी काळजीत पडली. मी, चाळीस वर्षे रुग्णसेवा केलेली बाई, तिला म्हणाले, ‘मुलगे उशिरा बोलतात. तुझा भाऊही उशिराच बोलला.’ माझ्या या एका वाक्यामुळे आठ महिने वाया गेले. शेवटी तिपात हलावच्या तरुण परिचारिकेने त्याला बालविकास केंद्रात पाठविले. आपण आजीआजोबा सगळे शब्दांची वाट पाहतो. पाहावयाचे असते ते बोट. आकाशात विमान दिसले की दीड वर्षाचे मूल ते बोटाने दाखविते आणि लगेच आपल्या तोंडाकडे पाहते, ‘तूही पाहिलेस ना?’ म्हणून. हे होत नसेल, तर थांबू नका आणि सुनेला किंवा मुलीला थांबवूही नका.

आता खेळ. शास्त्रज्ञ ज्याला एकत्रित लक्ष म्हणतात, म्हणजे दोन माणसांनी एकाच वस्तूकडे पाहणे आणि ते परस्परांना ठाऊक असणे, त्याचा सराव मुलाला खेळातून मिळतो. लॉस एंजेलिस येथील कॉनी कासारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन-चार वर्षांच्या ५८ स्वमग्न मुलांवर केलेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. पाचसहा आठवडे, दररोज अर्धा तास, काही मुलांबरोबर एकत्रित लक्षावर आणि काहींबरोबर कल्पनेच्या खेळावर काम केले गेले. वर्षभराने पाहिले, तेव्हा दोन्ही गटांची भाषा इतर मुलांपेक्षा अधिक वाढलेली आढळली. रोजचा अर्धा तास आपल्यासारख्या निवृत्त माणसांपाशी नसेल, तर कोणापाशी असणार?

माझ्या नातवाला भांड्यांची झाकणे फरशीवर गरगर फिरविण्याचा नाद होता. कॅनर यांच्या पहिल्या रुग्ण मुलालाही ठोकळे आणि भांडी फिरविण्याची अशीच आवड होती. मी आधी झाकणे लपवून ठेवीत असे. मग केंद्रातील बाईंनी सांगितले, की लपवू नका, त्याच्याशेजारी बसा आणि तो करतो तेच करा. गुडघ्यांची तक्रार बाजूला ठेवून मी फरशीवर बसले आणि माझे वेगळे झाकण फिरवू लागले. पहिल्या दिवशी त्याने ते माझ्या हातातून काढून घेतले. दुसऱ्या दिवशीही घेतले. सुमारे तीन आठवड्यांनी एकदा त्याने आपले झाकण थांबविले, माझे थांबेपर्यंत पाहिले आणि ते उचलून माझ्या हाताजवळ ठेवले. आता तुझी पाळी, असा त्याचा अर्थ होता. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले आणि परत येऊन बसले.

तेथून पुढे मला माझ्या लहानपणीचे खेळ आठवू लागले. पहिला पदराचा. पदर तोंडावर घ्यावयाचा, क्षणभर थांबावयाचे, मग तो बाजूला करून ‘कुक्’ म्हणावयाचे. याहून साधे काय असणार? परंतु जेरोम ब्रूनर यांच्यासारख्या मोठ्या मानसशास्त्रज्ञाने १९७६ साली या खेळावर निबंध लिहिला आहे. मूल यातून नियम शिकते : लपणे, वाट पाहणे, दिसणे, आणि मग पाळीची अदलाबदल. आपण बहुधा ‘कुक्’ घाईने म्हणतो. खेळाचा खरा जीव त्याआधीच्या थांबण्यात आहे. पदराआड मनात पाचपर्यंत मोजा. मूल जवळ सरकेल, पदराला हात लावील किंवा नुसता श्वास रोखून धरील. तेच त्याचे बोलणे समजावे. ‘माझ्याकडे बघ’ असे म्हणून हनुवटी धरून त्याचे तोंड वळवू नये. डोळ्यास डोळा देणे काही मुलांना फार कष्टाचे जाते.

फुगडीचेही तसेच. हातात हात गुंफून, हळू, चार फेऱ्या घ्याव्यात आणि थांबावे. पुन्हा लगेच सुरू करू नये. हात पुढे करून ठेवावेत आणि वाट पाहावी. माझा नातू आधी माझे हात नुसते ढकलीत असे. पुढे एकदा ‘ओद’ म्हणाला. आणखी! त्याचा पहिला शब्द हिब्रूत आला, फुगडीत आला. फुगडीत दोघांचा तोल एकमेकांवर असतो, एकाने हात सोडला तर दोघेही पडतात, त्यामुळे तेथे दुसऱ्या माणसाकडे दुर्लक्ष करणे शक्यच नसते. मुलाला झटके येत असतील, तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा खेळ खेळू नये. स्वमग्न मुलांत अपस्माराचे प्रमाण अधिक असते. माझ्या वयाच्या बायकांनी बसफुगडीवर समाधान मानावे.

भोवऱ्याविषयी सांगावयाचे तर, कोकणातल्या आपल्या पूर्वजांना हनुक्काचा सण ठाऊक नव्हता असे म्हणतात. पण लोखंडी आरीचा भोवरा त्यांच्या मुलांच्या खिशात असेच. येथे नातवंडांच्या हाती सविवोन आला. फिरणाऱ्या वस्तूंची आवड असलेल्या मुलासाठी सविवोनसारखी दुसरी सोय नाही, कारण त्यात नियम अक्षरांत लिहिलेले असतात. नून आले तर काही नाही, गिमेल आले तर सगळे आपले, हे आले तर अर्धे, पे आले तर एक घालावयाचे. परदेशातील सविवोनवर पेच्या जागी शीन असते, एवढाच फरक. माणसांच्या चेहऱ्यावरचे भाव वाचणे ज्यांना अवघड जाते, त्या मुलांना असे स्पष्ट नियम विसाव्यासारखे वाटतात. माझा नातू इतर मुलांबरोबर प्रथम बसला, तो सविवोन खेळावयास. हनुक्का संपल्यावर सविवोन कपाटात जातो. आमच्या घरी तो बारा महिने बाहेर असतो.

सागरगोटे म्हणजे आपल्याकडील झुडपाच्या त्या करड्या, टणक बिया. येथील मुले तोच खेळ खामेश अवानीम म्हणून पाच चौकोनी खड्यांनी खेळतात. आधी एकेक उचलावयाचा, मग दोन-दोन, मग पुढे, आणि शेवटी उपड्या हातावर झेलावयाचे. आपली आजी आणि शाळेतील मुले एकच खेळ जाणतात, हे मुलाच्या दृष्टीने मोठे भांडवल आहे : घरी शिकलेले अंगणात चालते. सुरुवात एकाच गोट्याने करावी, मी वर टाकते, तू झेल, एवढ्यावर. परंतु जे मूल वस्तू तोंडात घालते, त्याच्या हाती बी, खडा किंवा चिंचोका मुळीच देऊ नये. घशात अडकण्याचा धोका खरा आहे. त्याऐवजी कापडाच्या लहान पिशव्यांत राजमा भरून घट्ट शिवून घ्याव्यात. त्या पडल्या तरी आवाज होत नाही, म्हणून कान नाजूक असलेल्या मुलांनाही चालतात.

भातुकलीविषयी थोडेसेच. खोटाखोटा चहा पिणे या मुलांना उशिरा समजते, म्हणून खोट्यापासून आरंभ करू नये. शुक्रवारी खरी कणीक मळताना त्याला लहान पोळपाट-लाटणे द्यावे. खोटी पोळी पुढे कधीतरी येईल.

आणखी एक गोष्ट त्या दोन्ही आजींनी मला हळू आवाजात विचारली : ‘मराठी बोलू की नको?’ पूर्वी अशा कुटुंबांना एकाच भाषेत बोला असा सल्ला दिला जात असे. आमच्या मुलीलाही कोणीतरी तो दिला होता. काही महिने मी नातवाशी मोडक्या हिब्रूत बोलले आणि खेळताना मला एकही गाणे सुचेना. त्यानंतर झालेल्या अभ्यासांतून दिसून आले आहे, की दोन भाषा कानी पडल्याने स्वमग्न मुलाची भाषा मागे पडत नाही. तेव्हा ज्या भाषेत आपल्याला लाडाने बोलता येते, तीच बोलावी. जखऱ्या संदेष्ट्याने आठव्या अध्यायात यरुशलेमच्या सुखाचे जे चित्र रंगविले आहे, त्यात काठी टेकून बसलेले म्हातारे आणि म्हाताऱ्या आधी येतात आणि खेळणारी मुले त्यांच्यामागून. म्हाताऱ्यांची भाषा कोणती असावी, हे तेथे सांगितलेले नाही.

खेळाने स्वमग्नता बरी होते असे कोणी सांगितले, तर विश्वास ठेवू नका. बरे करण्याचे औषध म्हणून कोणी काही विकत असेल, तर पैसे देऊ नका. बालविकास केंद्रातील उपचार सोडू नका. माझा नातू आता अकरा वर्षांचा आहे. लहान वाक्ये बोलतो, गर्दी त्याला अजून सोसत नाही, पुरीमच्या रआशानच्या आवाजात तो कानांवर जाड रक्षक चढवून बसतो. खेळाने त्याला जे दिले, ते असे : तो मला खेळावयास बोलावतो.

पिशव्यांचे सहा संच मी शिवून आणले आहेत, पाच-पाचांचे, शिवण दुहेरी आहे. चार दाराजवळच्या टेबलावर आहेत, ज्यांना हवे असतील त्यांनी न्यावेत. दोन मी बाजूला काढले आहेत. ते मला उद्या त्या दोन घरी पोहोचवावयाचे आहेत.