तांब्याचा तळ सरळ दिसत नाही : कलाशिक्षणाविषयीचे काही गैरसमज

माझ्या वर्गात बारावीची नवी मुलं आली की पहिल्या दिवशी मी टेबलावर एक तांब्या ठेवते आणि मागे एक पांढरा पडदा लावते. एवढंच. बहुतेकांची इंटरमिजिएट ही चित्रकलेची परीक्षा झालेली असते, काहींना ‘ए’ ग्रेड असते. तासाभराने कागद भिंतीला लावले की जवळजवळ प्रत्येकावर तीच चूक दिसते. तांब्याचं तोंड लंबगोल काढलेलं आणि तळ मात्र पट्टीने आखल्यासारखा सरळ. तांब्या टेबलावर सपाट टेकलाय हे डोक्याला ठाऊक असतं आणि हात डोळ्यांचं सोडून डोक्याचं ऐकतो. वरून पाहताना तळाची कडा तोंडापेक्षाही जास्त वळलेली दिसते, कारण ती डोळ्याच्या पातळीपासून आणखी खाली असते. हे सांगितल्यावर मुलं पुन्हा तांब्याकडे बघतात, आणि त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटतं त्यासाठीच मी शिकवते.

‘चित्रकला उपजत असावी लागते, ती शिकवून येत नाही,’ असं म्हणणाऱ्या पालकांना मी हेच कागद दाखवते, पहिल्या दिवसाचे आणि सहा महिन्यांनंतरचे. ओढ उपजत असते, हे खरं. कुणाच्या रेषेत पहिल्यापासून सहजता असते, हेही खरं. पण बघणं ही शिकायचीच गोष्ट आहे. बीएफए या कलेच्या पदवीच्या चार वर्षांत मुख्यतः तेच शिकवतात. आधी स्टिल लाइफ, मग समोर बसलेला माणूस, मग स्वतःची रचना.

प्रवेशाबद्दलचे गैरसमज पटकन संपवते. बारावी कोणत्याही शाखेतून झालेली चालते. विज्ञानाची मुलं इथे वाट चुकून आलेली नसतात, उलट पुढे एका कामात त्यांचाच फायदा होतो, ते खाली येईल. इंटरमिजिएटमुळे दहावीच्या निकालात वाढीव गुण मिळतात, पण राज्यातल्या बीएफए प्रवेशासाठी सीईटी वेगळी असते. तिच्यात वस्तुचित्र, संकल्पचित्र आणि स्मरणचित्र काढावं लागतं, शिवाय सामान्यज्ञान असतं. शासकीय महाविद्यालयं मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत आणि त्यांची फी खासगी संस्थांच्या मानाने बरीच कमी असते. गोव्यात पणजीच्या आल्तिनोवर 1972 पासून कला महाविद्यालय आहे. मुंबईचं जे.जे. कला महाविद्यालय तर 1857चं, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्याच वयाचं. 2023मध्ये त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. ‘हा कुठला तरी क्लास आहे, खरी पदवी नाही,’ असं आजही ऐकायला मिळतं. बीएफए, एमएफए या विद्यापीठाच्या पदव्या आहेत आणि दृश्यकला हा नेट परीक्षेचाही विषय आहे.

आता मुख्य प्रश्न. आई-वडील तो दबक्या आवाजात, मुलगी बाहेर गेल्यावर विचारतात. पोटाचं काय?

या प्रश्नाच्या मुळाशी एक समजूत असते. कला शिकलेला माणूस म्हणजे चित्रकार, चित्रकार म्हणजे चित्रं विकणारा, आणि चित्रं कोण विकत घेतं? यातली पहिलीच पायरी चुकीची आहे. दादासाहेब फाळके 1885मध्ये जे.जे.त दाखल झाले, पुढे बडोद्याच्या कलाभवनात शिकले, छायाचित्रण आणि छपाईच्या कामात मुरले, आणि मग 1913मध्ये त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा सिनेमा आला. कोल्हापूरच्या भानू अथय्या जे.जे.च्या सुवर्णपदकविजेत्या. हुसेन, रझा या चित्रकारांच्या प्रोग्रेसिव्ह गटाबरोबर त्यांची चित्रं लागली होती. पण त्यांनी वाट धरली ती कपड्यांची. आधी मासिकासाठी फॅशनची रेखाटनं, मग सिनेमा. ‘प्यासा’पासून ‘लगान’पर्यंत त्यांच्या कामाचा पल्ला आहे. ‘गांधी’साठी त्यांना 1983 साली जॉन मोलो यांच्यासह ऑस्कर मिळालं, भारताचं पहिलं. तो सिनेमा पुन्हा बघताना फक्त कपडे बघा. सुटाबुटातला बॅरिस्टर पंचापर्यंत येतो, आणि त्या प्रवासातला प्रत्येक टप्पा कापडाचा पोत, चुण्या आणि पांढऱ्याच्या छटा यांतून कळतो. पांढऱ्याच्या छटा ओळखणं कुठे शिकतात? तांब्यामागच्या त्या पडद्यासमोर बसून.

पण माझं सगळ्यात आवडतं उदाहरण र. कृ. जोशी यांचं आहे. तुम्ही विंडोजच्या संगणकावर कधी मराठी वाचलं असेल तर त्यांचं काम तुम्ही बहुधा पाहिलेलं आहे. ‘मंगल’ हा फाँट त्यांचा. जे.जे.त व्यावसायिक कला शिकलेला हा माणूस जाहिरात संस्थांमध्ये कला दिग्दर्शक होता, मग आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात प्राध्यापक झाला. त्यांच्यापुढचा प्रश्न काय होता ते एका ‘र’वरून बघा. ‘रस’मध्ये तो पूर्ण उभा असतो. ‘कर्म’मध्ये उडी मारून डोक्यावर जातो. ‘क्रम’मध्ये पायाशी तिरका होतो, ‘राष्ट्र’मध्ये खाली काकपदासारखा बसतो, आणि ‘दुसऱ्या’मध्ये नुसती एक वळलेली रेघ होऊन मागे राहतो. हा शेवटचा तर आपल्या मराठीला हमखास लागणारा. ही सगळी रूपं बारीक आकारात, त्या काळच्या जाड ठिपक्यांच्या पडद्यावर, एकमेकांत न मिसळता वाचता यायला हवीत. यंत्राला सूचना देणारे लोक दुसरे असतात, पण बारीक आकारात ‘ध’ आणि ‘घ’ वेगळे दिसायला कुठे किती जागा सोडायची, हे सांगायला बोरूने हजारो अक्षरं गिरवलेला हातच लागतो. आज मोबाइलवर मराठी लिहिणारे कोट्यवधी लोक अक्षरं घडवण्याच्या या धंद्याच्या जिवावर लिहितात, आणि हा धंदा अस्तित्वात आहे हे बहुतेकांच्या गावीही नसतं.

याच्या उलट टोकाचाही एक गैरसमज आहे, आणि मला तो जास्त धोक्याचा वाटतो. लिलावाच्या बातम्या वाचून मुलं येतात. मार्च 2025मध्ये न्यूयॉर्कला हुसेन यांचं ‘ग्रामयात्रा’ सुमारे 118 कोटी रुपयांना गेलं. ते चित्र हुसेन यांनी 1954 साली काढलं, त्याच वर्षी एका डॉक्टरांनी विकत घेतलं आणि पुढे ऑस्लोच्या रुग्णालयाला देऊन टाकलं. विक्रीचे पैसे त्या रुग्णालयाकडे गेले. लिलावातली कमाई त्या दिवशी चित्र ज्याच्या मालकीचं असतं त्याची असते. आपल्या कॉपीराइट कायद्यात कलम 53अ आहे. मूळ चित्र दहा हजारांहून जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना वाटा मिळण्याचा हक्क त्यात आहे, कमाल दहा टक्के. चित्रकारांनाच तो ठाऊक नसतो, ही मला मनापासून खुपणारी गोष्ट आहे.

त्याच कायद्याचं कलम 17 तर प्रत्येक विद्यार्थ्याने पहिल्या कामाआधी वाचावं. नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा कॉपीराइट मालकाचा असतो, हे बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. पण मोबदला घेऊन कुणाच्या सांगण्यावरून काढलेल्या चित्राचा किंवा व्यक्तिचित्राचा हक्कही, वेगळा करार नसेल तर, सांगणाऱ्याकडे जातो. ‘चित्र मी काढलं म्हणजे हक्क माझाच’ हा गैरसमज महाग पडतो. एका पानाचा करार करायला संकोच वाटतो म्हणून माझ्या दोन माजी विद्यार्थ्यांनी आपलीच चित्रं दुसऱ्याच्या कॅलेंडरांवर बघितली आहेत.

‘नोकरी धरली की कला संपते’ असंही म्हणतात, आणि हे म्हणणारे बऱ्याचदा कलावंतच असतात. चित्रकार प्रभाकर बरवे जे.जे.तून बाहेर पडल्यावर 1961मध्ये विणकर सेवा केंद्रात लागले. हातमागावरच्या कापडासाठी नवे नमुने करायचे, असं सरकारी काम. पहिली काही वर्षं त्यांचा मुक्काम बनारसला होता. तिथे तंत्रपरंपरेतल्या आकृत्यांशी त्यांची ओळख झाली आणि ती त्यांच्या चित्रांत उतरली. नोकरी त्यांनी दोन दशकं केली. तेवढ्याच काळात त्यांची चित्रभाषा घडली, आणि ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक लिहिण्याइतका विचारही साठला.

धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे शिल्पकार राम सुतारही आधी नोकरदारच. जे.जे.त शिल्पकलेचं पदक मिळवून ते पुरातत्त्व खात्यात लागले आणि 1954 ते 1958 ही चार वर्षं त्यांनी अजिंठा-वेरूळच्या भंगलेल्या शिल्पांच्या दुरुस्तीत घालवली. हजार-दीड हजार वर्षांपूर्वीच्या शिल्पकाराने खांदा कसा वळवला, हे तुटलेल्या कडेवरून बोट फिरवून समजून घ्यायचं, यापेक्षा मोठं पदव्युत्तर शिक्षण मला सुचत नाही. 182 मीटर उंचीच्या सरदार पटेलांच्या पुतळ्याची रचना याच माणसाची.

जतन हे क्षेत्र आपल्याकडे जुनं आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला 1872पासून जे.जे.च्या विद्यार्थ्यांनी जॉन ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली केल्या. त्यातल्या बऱ्याच 1885मध्ये लंडनच्या आगीत गेल्या. आज जतनकार नक्कल करण्यापेक्षा मूळ वस्तू वाचवतो. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जतन केंद्र आहे, लखनौला राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. रंगद्रव्यं, वार्निश, बुरशी, कागदातलं आम्ल या सगळ्यांशी इथे गाठ पडते. विज्ञान घेतलेल्या मुलांचा फायदा होतो म्हटलं, तो इथे.

शाळेत शिकवायचं असेल तर एक गोष्ट आधीच समजून घ्यावी. नुसत्या बीएफएवर ते दार उघडेल असं धरून चालू नये. त्यासाठी ए.टी.डी. हा आर्ट टीचर डिप्लोमा वेगळा असतो. शिक्षणहक्क कायद्याने शंभराहून जास्त मुलं असलेल्या उच्च प्राथमिक शाळेला कलेसाठी निदेशक सांगितला आहे, पण अंशकालीन. पूर्णवेळ कलाशिक्षक मागणं एवढं अवघड का व्हावं, याचं मला वाईट वाटतं.

कमाईबद्दल मी कुणाला खोटं सांगत नाही. पहिली दोन-तीन वर्षं तंगीची जातात. ॲप्लाइड म्हणजे व्यावसायिक कला घेतलेल्यांचं बस्तान लवकर बसतं, पेंटिंग आणि शिल्पाच्या मुलांना वेळ लागतो. ॲनिमेशन, गेम, मालिकांचे सेट, पुस्तकांची चित्रं, वेष्टनं, संग्रहालयांची मांडणी अशी कामं आहेत, पण ती घरी चालत येत नाहीत. आणि आता सगळे विचारतात, यंत्रच चित्र काढतं तर शिकायचं कशाला? स्वस्तातली, घाईची कामं यंत्राकडे जात आहेत, यात शंका नाही. फ्लेक्स आला तेव्हा नाक्यानाक्यावरच्या बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरांचं काम असंच गेलं, आणि त्यातले कितीतरी हात वाया गेले. पण यंत्राने दिलेल्या चित्रात नऊवारीचा काष्टा चुकलाय, ‘र’ मोडलाय, उजेड दोन दिशांनी येतोय, हे ज्याच्या लक्षात येतं त्याला विचारावंच लागतं. तसा डोळा घडवायला ती चार वर्षं लागतात.

महाविद्यालय निवडताना माहितीपत्रकावर जाऊ नका, वार्षिक प्रदर्शनाला जा. शेवटच्या वर्षाची चित्रं छानच असतात. तुम्ही दुसऱ्या वर्षाची लाइफची, म्हणजे समोर बसलेल्या माणसाची, रेखाटनं बघा. सगळ्यांची एकाच वळणाची दिसली तर शिक्षकाचा हात मुलांच्या कागदावर फार फिरतोय असं समजा. ग्रंथालयात कलेची पुस्तकं उघड्या कपाटात आहेत की कुलपात, ते पाहा. सिरॅमिक घ्यायचं असेल तर त्या खोलीपर्यंत चालत जा आणि भट्टी महिन्यातून किती वेळा पेटते, हे तिथल्या शिपायाला विचारा.