ग्रामसभा मोठी की ग्रामपंचायत?

गावाचा कारभार साऱ्या गावाने बसून करायचा की निवडून दिलेल्या मोजक्या माणसांवर सोपवायचा, हा पेच अमेरिकेच्या घटनाकारांपुढेही होता. न्यू इंग्लंडच्या गावसभांत रहिवासी स्वतः ठराव करत. पण १७८७ मध्ये राज्यघटना घडवताना जेम्स मॅडिसन यांनी कौल दिला तो प्रतिनिधींना. बहुसंख्यांच्या क्षणिक रागलोभाची त्यांना धास्ती होती.

भारतात ७३व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून दोन्ही गोष्टी एकाच गावात नांदवल्या. महाराष्ट्रात, गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या गावांत पाच वर्षांसाठी निवडलेली ग्रामपंचायत रोजचा कारभार पाहते, तर मतदार यादीतला प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य असतो. योजनांचे लाभार्थी निवडणे, विकास आराखड्याला मंजुरी देणे, हिशेब विचारणे ही कामे सभेची.

कागदावर सभा मोठी आहे. प्रत्यक्षात मात्र तिची गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. तेवढेही जमले नाहीत तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. १५ ऑगस्टची सभा तर धानाची रोवणी-निंदणी चालते त्या दिवसांत येते. मग मूठभरांचा ठराव गावाचा ठरतो. कायद्याने ही पळवाट स्वतःच ठेवली आहे.

वनहक्क कायद्याची (२००६) रीत वेगळी आहे. २०१२ च्या सुधारित नियमांनुसार वनहक्काच्या ठरावाला ग्रामसभेचे निम्मे सदस्य हजर लागतात आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश महिला. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला, तो सभेच्या जोरावर. तेंदूपाने आणि बांबूचा पैसा हातात येणार असेल, तर माणसे सभेला येतात.

सरपंच कसा निवडावा, हे राज्य सरकारलाच ठरवता आलेले नाही. थेट जनतेतून निवड २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये गेली आणि २०२२ मध्ये परतली. २०१७ च्या तरतुदीत थेट सरपंचावरचा अविश्वास ठराव तीन चतुर्थांश सदस्यांनी मंजूर केल्यावरही ग्रामसभेच्या गुप्त मतदानाला टाकायचा होता.

खुद्द अर्जुनी मोरगावात आता नगरपंचायत आहे. तिथले मतदार नगरसेवक निवडतात. शेजारच्या खेड्यातल्या मतदाराला मिळते ती ग्रामसभा त्यांना नाही.