व्यापारसंघातून देश बाहेर पडतो तेव्हा धानउत्पादकाने काय करावे ?

प्रतापगडच्या डोंगराखाली, नवेगावबांध व अर्जुनी मोरगावच्या टापूत तळ्याच्या पाण्यावर धान पिकविणाऱ्या शेतकऱ्यास परदेशातील व्यापारसंघांच्या फाटाफुटीशी काय कर्तव्य आहे, असा प्रश्न हा मथळा वाचून पुष्कळांच्या मनात येईल. आपले धान आधारभूत खरेदी केंद्रावर जाते किंवा अडत्याच्या काट्यावर जाते. तेथून ते भरडाईसाठी गिरणीत पोहोचते. आणि पुढे त्या तांदळाचे काय होते याची चौकशी करण्याची आपली वहिवाट नाही. परंतु जगात देशोदेशी जो तांदूळ विकला जातो त्यातील सुमारे चाळीस टक्के एकट्या भारताचा असतो. एवढा मोठा माल ज्या वाटांनी जातो त्या वाटांवर फरक पडला म्हणजे त्याची झळ गिरणीपर्यंत, आणि गिरणीपासून बांधीपर्यंत येणारच.

ही झळ दोन प्रकारची असते. एक अकस्मात येते. २० जुलै २०२३ रोजी भारत सरकारने बिगरबासमती पांढऱ्या तांदळाच्या निर्यातीस बंदी केली, ती २८ सप्टेंबर २०२४ पर्यंत टिकली. तिची पूर्वसूचना शेतकऱ्यास नव्हती. दुसरी झळ मुदत देऊन येते. एखादा देश व्यापारसंघ सोडतो तेव्हा बहुधा आधी नोटीस, मग मुदत, मग काही काळ जुनीच वहिवाट, आणि नंतर नवे नियम असा क्रम असतो. बातमीचा दिवस आणि बदल अंगावर येण्याचा दिवस यांत महिने, कधी वर्षे जातात. हे ज्यास ठाऊक आहे तो तयारी करितो; ज्यास ठाऊक नाही तो बातमी ऐकताच घाबरून माल विकतो. प्रस्तुत लेखाचे प्रयोजन हा भेद उदाहरणांनी स्पष्ट करणे हेच होय.

संघ म्हणजे काय ?

दहा गावांनी आपसांत ठरविले की, एकमेकांच्या मालावर नाक्यावर जकात घ्यावयाची नाही, आणि बाहेरच्या मालावर सर्वांनी सारखीच घ्यावयाची. म्हणजे तो एक जकातसंघ झाला. त्यातून एक गाव निघाले तर चार गोष्टी बदलतात. पहिली, जकातीचा दर. दुसरी, दाखले व तपासणी. पूर्वी गाडी सरळ जात होती, आता ती नाक्यावर थांबते. तिसरी, मालाच्या शुद्धतेचे नियम. पूर्वी सर्वांचे एक होते, आता प्रत्येकाचे निराळे होऊ शकतात. चौथी, मालाची वाट. लोकांचे लक्ष बहुधा पहिल्या गोष्टीवर असते, परंतु नुकसान उरलेल्या तिहींतूनही तितकेच होते.

ब्रह्मदेशाचे उदाहरण

आपल्याकडील जुने उदाहरण तांदळाचेच आहे. १ एप्रिल १९३७ रोजी ब्रह्मदेश हिंदुस्थानापासून अलग झाला व जेथे एकच राज्य होते तेथे जकातीची सीमा आली. त्या वेळी ब्रह्मदेशातून दरसाल दहा लाख टनांहून अधिक तांदूळ हिंदुस्थानात येत असे. व्यापार एकाएकी मोडू नये म्हणून निदान तीन वर्षे जुनीच वहिवाट चालावी असा हुकूम झाला, आणि १९४१ साली नवा करार झाला. म्हणजे अलग होण्याने तांदूळ थांबला नाही. तो थांबला १९४२ साली, जपानी फौजांनी रंगून घेतल्यावर. पुढील वर्षी बंगालात जो भीषण दुष्काळ पडला त्याची कारणे अनेक होती, परंतु ब्रह्मदेशचा तांदूळ बंद होणे हे त्यांपैकी एक होते. यावरून बोध असा की, मुदत मिळाली म्हणजे धोका टळला असे नव्हे; एकाच ठिकाणावर सर्व भिस्त ठेवण्याची सवय त्या मुदतीत मोडावयास हवी.

ब्रिटनचे उदाहरण

अलीकडील प्रसिद्ध उदाहरण ब्रिटनचे. २३ जून २०१६ रोजी तेथील लोकांनी युरोपीय संघ सोडण्याच्या बाजूने मत दिले. प्रत्यक्ष सोडणे ३१ जानेवारी २०२० रोजी झाले, आणि त्यानंतरही ३१ डिसेंबर २०२० पर्यंत जुनीच वहिवाट चालू राहिली. मतदानापासून बदलापर्यंत साडेचार वर्षे गेली. त्या काळात दोन्ही बाजूंच्या सरकारांनी धंदेवार सूचनापत्रे काढली : व्यापाऱ्याने जकातखात्याचा नोंदणी क्रमांक घ्यावा, मालाचे मूळ ठिकाण कागदावर दाखवावे, वनस्पतिजन्य मालास आरोग्याचा दाखला जोडावा, इत्यादी. तरीही उभयतांचा व्यापारी करार ठरला तो २४ डिसेंबर २०२० रोजी, म्हणजे मुदत संपण्यास अवघा एक आठवडा राहिला असताना. युरोपातून येणाऱ्या वनस्पतिजन्य व प्राणिजन्य मालाची स्वतःची नवी तपासणी तर ब्रिटनने अनेकदा पुढे ढकलून २०२४ साली सुरू केली. सरकारांचीच तयारी अशी उशिरा होते, म्हणून व्यापाऱ्याने व शेतकऱ्याने शेवटच्या हुकुमाची वाट पाहत बसू नये.

या करारात दोघांच्या आपसांतील मालावर जकात नाही. परंतु तो माल त्यांच्याच देशांत उत्पन्न झालेला असला पाहिजे. भारतातून गेलेला माल नेदरलंड्समधील रॉटरडॅम बंदरात उतरवून पुढे ब्रिटनला धाडिला तर तो युरोपीय ठरत नाही. तो भारतीयच राहतो, व ब्रिटनच्या दराने त्याचा हिशोब होतो. पूर्वी एकदा युरोपात शिरलेला माल सर्वत्र मोकळा फिरत असे. नाशिकच्या द्राक्षांस आणि आपल्या तांदळास हा नियम सारखाच लागू आहे. भारतातील नियमांतही ब्रिटनचे नाव स्वतंत्रपणे घालावे लागले : तांदळास निर्यात तपासणी परिषदेचा दाखला ज्या देशांसाठी आवश्यक आहे त्यांच्या यादीत युरोपीय संघाबरोबर ब्रिटनचा वेगळा उल्लेख आला. २४ जुलै २०२५ रोजी भारत व ब्रिटन यांच्यात व्यापारी करारावर सह्या झाल्या. पण त्यातही ब्रिटनने कांडलेला तांदूळ सवलतीबाहेर ठेविला. ‘करार झाला’ एवढ्यावर धानउत्पादकाने हुरळून जाऊ नये, तो असा.

शुद्धतेच्या नियमाचे उदाहरण तर थेट आपल्या बांधीतले आहे. करपा रोगावर ट्रायसायक्लाझोल नावाचे औषध फवारितात. युरोपीय संघाने २०१७ साली तांदळातील त्याच्या अंशाची मर्यादा किलोस १ मिलिग्रॅमवरून ०.०१ मिलिग्रॅमवर आणिली. हा आकडा किती लहान आहे पाहा : एक हजार क्विंटल तांदळात एक ग्रॅम. ब्रिटनने बाहेर पडताना युरोपाच्याच मर्यादा आपल्या कायद्यात उतरवून घेतल्या. परंतु तेव्हापासून त्या बदलण्याचा अधिकार दोघांस वेगवेगळा आहे. म्हणून एका बंदरात चालला तो माल दुसऱ्या बंदरात चालेलच असे गृहीत धरता येत नाही.

पश्चिम आफ्रिकेचे उदाहरण

बिगरबासमती तांदळाच्या दृष्टीने सर्वांत जवळचे उदाहरण मात्र आफ्रिकेतील आहे. बेनिन, टोगो, सेनेगल, आयव्हरी कोस्ट हे पश्चिम किनाऱ्यावरील देश भारताचे मोठे गिऱ्हाईक होत; बेनिनकडे उकडा तांदूळ जातो, सेनेगलला कनकीची आवड आहे. हे देश १९७५ साली स्थापन झालेल्या पश्चिम आफ्रिकी देशांच्या आर्थिक संघात आहेत. या संघाची बाहेरच्या तांदळावरील सामाईक जकात शेकडा १० आहे. माली, बुर्किना फासो व नायजर या तीन सभासद देशांनी २८ जानेवारी २०२४ रोजी संघ सोडल्याचे जाहीर केले. त्यांस तत्काळ निघावयाचे होते. पण संघाच्या तहात एक वर्षाच्या नोटिशीची अट असल्यामुळे बाहेर पडणे २९ जानेवारी २०२५ रोजी अमलात आले. त्याही दिवशी संघाने उरलेल्या सभासदांस सांगितले की, पुढील सूचनेपर्यंत या तिघांच्या मालास व प्रवाशांस पूर्वीप्रमाणेच वागवावे.

या तीनही देशांस समुद्रकिनारा नाही. त्यांचा माल शेजाऱ्यांच्या बंदरांतून जातो. नायजरचे नेहमीचे बंदर म्हणजे बेनिनमधील कोटोनू. २०२३ साली नायजरमधील सत्तापालटानंतर ती सीमा बंद झाली, तेव्हा माल टोगोच्या लोमे बंदरातून बुर्किना फासोमार्गे लांबच्या वाटेने न्यावा लागला. जकातीचा दर तोच, पण वाट बदलली. वाटेत खर्च वाढला म्हणजे गिऱ्हाईक तो विक्रेत्याच्या भावातून कापू पाहते, आणि विक्रेता गिरणीच्या भावातून. मार्च २०२५ मध्ये या तिघांनी बाहेरून येणाऱ्या मालावर शेकडा अर्धा असा नवा करही जाहीर केला. उलटपक्षी हेही ध्यानात ठेवावे की, हे तिघे त्या भागातील दुसऱ्या एका संघात, ज्यात चलन व जकात सामाईक आहे, राहिलेच. एक घर सोडले तरी दुसरे छप्पर कायम होते. केवळ मथळा वाचणाऱ्यास हे कळणार नाही.

आपण काय करावे ?

अशी बातमी आली म्हणजे प्रथम तीन प्रश्न विचारावे. बदल कोणत्या तारखेस अमलात येणार ? जुनी वहिवाट पुढे किती काळ चालणार ? आणि आपला माल त्या वाटेने जातो काय ? ही उत्तरे मिळेपर्यंत ‘परदेशात गडबड झाली, आता भाव पडणार’ असे कोणी म्हटले तरी घाईने धान काट्यावर घालू नये. ज्याचे धान आधारभूत केंद्रावर जाते त्याच्या भावास या फुटीने त्या हंगामात धक्का बसण्याचे कारण नाही. त्याने भिऊन कमी भावात विकले तर ते नुकसान फुटीचे नव्हे, अफवेचे होय.

पुढील तयारी येणेप्रमाणे करावी :

१. आपल्या गावचे धान ज्या गिरण्यांत जाते त्यांचा तांदूळ कोठे विकला जातो, याची दरवर्षी संस्थेमार्फत चौकशी करून नोंद ठेवावी.

२. प्रत्येक बांधीची फवारणीची वही ठेवावी : औषधाचे नाव, प्रमाण, तारीख, व कापणीपूर्वी किती दिवस फवारिले. लोंब्या भरल्यावर उशिरा होणारी फवारणी शक्य तो टाळावी. दाखला मागितला गेल्यास ही वहीच कामास येते. ती मागाहून तयार करता येत नाही.

३. जाती मिसळू नयेत. ज्या धानावर वादग्रस्त औषध पडले आहे ते वेगळ्या पोत्यांत ठेवावे.

४. धान नीट वाळवावे. सरकारी खरेदीत शेकडा १७ पर्यंत ओलावा चालतो, पण मुदत पाहून थांबावयाचे असेल तर साठवणीतील ओलावा १४ च्या आत असावा. ओले धान मालकास थांबू देत नाही.

५. उत्पादक संस्थेने निर्यातदाराशी व्यवहार केल्यास, मुदतीनंतर जकात वाढली किंवा माल परत आला तर तो बोजा कोणाचा, हे करारात स्पष्ट लिहून घ्यावे. तोंडी बोलीवर विसंबू नये.

६. एका गिऱ्हाइकावर, एका गिरणीवर किंवा एका जातीवर सर्व पीक टाकू नये.

यांपैकी एकाही गोष्टीस परदेशी भाषेचे ज्ञान लागत नाही, मोठे भांडवलही लागत नाही. वही, वेगळी पोती, वाळविलेले धान व लेखी करार एवढीच सामग्री आहे. कोणता देश कोणत्या संघात राहणार हे आपल्या हाती नाही. परंतु अशा फुटीत मुदत मिळते, आणि त्या मुदतीत आपले धान घरात सुरक्षित व कागद हाती असणे हे सर्वस्वी आपल्याच हाती आहे. पऱ्हे टाकण्यापूर्वी जशी आपण बांधीची डागडुजी करितो, तशी ही तयारीही हंगामापूर्वीच उरकून घ्यावी, अशी शेतकरी बंधूंस विनंती आहे.